उरलेले सात भाग

पत्र थोडक्यात: 'सात बाकी' अशी सही करून हे पत्र आलं आहे. लिहिणारी २३ वर्षांची, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्रात एमएस्सी केलं, नुकताच शेवटचा पेपर झाला. वसतिगृहातल्या चौघी मैत्रिणी दोन वर्षं रोज रात्री रिफेक्टरीतून जेवून आल्या की एकाच लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसून 'नारुतो' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका बघायच्या. पहिली मालिका २२० भागांची, पुढची ५०० भागांची. त्यातले आता फक्त सात उरलेत. चौघींपैकी एक दोन आठवड्यांत नोकरीसाठी बंगळुरूला जाईल, एक पीएचडीसाठी जर्मनीला, एक पुण्यातच पेठेत कॉट घेऊन स्पर्धा परीक्षेला बसेल. बंगळुरूवाली म्हणते, एका रात्रीत सातही उरकून टाकू. 'सात बाकी'ला ते बघायचेच नाहीत. तिने कुठेतरी ऐकलंय की अपुरं राहिलेलं माणसाच्या जास्त लक्षात राहतं, आणि तिला हे सगळं लक्षात ठेवायचंय. शिवाय एखाद्या पदविकेचा फॉर्म भरून अजून एक वर्ष कॅम्पसवर काढावं असंही मनात आहे. शेवटी लिहिते, 'आई म्हणते कार्टूनसाठी कोण रडतं? खरं सांगायचं तर मलाही लाज वाटते.'

प्रिय सात बाकी,

लाजेचं आधी निकालात काढू. एक भाग साधारण २३ मिनिटांचा. असे ७१३ भाग म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे तास. एखाद्या विषयाच्या वर्गात तू इतके तास बसली असशील का, मला शंका आहे. इतका वेळ ज्यांच्यासोबत काढला ती माणसं कागदावर काढलेली असोत की हाडामांसाची, निघताना गळा दाटणारच. आईलाही हळूच विचार, दुपारच्या मालिकेतली सून घर सोडून निघाली तेव्हा पदर कशासाठी लागला होता.

मला ही मालिका माहीत नव्हती. भाच्याला फोन केला तर त्याने दीड तास फोन ठेवू दिला नाही. मूळ चित्रकथा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २०१४ मध्ये ७०० प्रकरणांवर संपली, तुम्ही बघताय ती पडद्यावरची मालिका २००२ पासून मार्च २०१७ पर्यंत चालली, हे सगळं त्याने तोंडपाठ सांगितलं. (याच भाच्याला माझा वाढदिवस दरवर्षी आठवण करून द्यावा लागतो.) पण त्याने सांगितलेली एक गोष्ट मला तुझ्यासाठी फार मोलाची वाटली. शेवट आधी कळू नये असं ज्या वाचकांना वाटतं त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडून जावं. तुझी हरकत नसेल, कारण उरलेल्या भागांच्या नावातच लग्न आहे.

भाचा म्हणाला, 'मावशी, युद्ध तर केव्हाच संपलं. नायक आणि त्याचा जुना दोस्त यांच्यातली शेवटची लढाई, ज्यासाठी सगळे इतकी वर्षं थांबले होते, ती झाली. त्यानंतरही वीसेक भाग आहेत. आणि शेवटच्या सात भागांत काय आहे? आहेर काय द्यायचा!' म्हणजे जी मंडळी शेकडो भाग जिवावर उदार होऊन लढली, ती आता मित्राच्या लग्नात काय भेट न्यावी या विचाराने हैराण झाली आहेत.

हे ऐकल्यावर तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. तू ज्याला 'शेवट' म्हणून घाबरते आहेस तो मालिकेत होऊन गेला. तुझ्याही बाबतीत होऊन गेला. प्रकल्पाची तोंडी परीक्षा झाली, शेवटचा पेपर झाला, एकीच्या हातात नोकरीचं पत्र आलं. जे तुटायचं, बदलायचं होतं ते तुम्ही चौघी खोलीत बसलेल्या असतानाच बदललं. आता हातात आहेत ते नुसते आहेराचे दिवस: कपडे आवरायचे, चहा प्यायचा, उगाच जयकर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसायचं. आयुष्यात इतके बिनकामाचे दिवस पुन्हा लवकर मिळत नाहीत आणि तू ते सात भागांवर पहारा देण्यात घालवते आहेस.

आता ते 'अपुरं जास्त लक्षात राहतं' प्रकरण. ही गोष्ट हवेतली नाही. ब्ल्यूमा झायगार्निक नावाच्या एका बाईंनी बर्लिनमध्ये हे प्रयोग केले आणि १९२७ मध्ये ते छापून आले. तेव्हा त्या स्वतः तुझ्यासारख्याच विद्यार्थिनी होत्या. लोकांना कोडी, हातकामं अशी छोटी छोटी कामं करायला द्यायची, काही पुरी होऊ द्यायची, काही मध्येच थांबवायची, आणि मग विचारायचं की काय काय आठवतं. मध्येच सोडलेली कामं लोकांना जास्त आठवली. पण कधी विचारलं? लगेच, त्याच बैठकीत. वीस वर्षांनी नव्हे. पुढे इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा दरवेळी तसंच उत्तर आलंही नाही. नमुना कुठला आणि निष्कर्ष कुठवर ताणायचा, हे संख्याशास्त्राच्या मुलीला मी काय सांगू.

माझ्याकडे नमुना एकच आहे, तोही माझा. १९८८ साली मी मराठवाड्यातल्याच एका मुलींच्या वसतिगृहात होते. एका साप्ताहिकात कादंबरी क्रमशः यायची. अंक एक, वाचणाऱ्या पाच. म्हणून आम्ही मोठ्याने वाचायचो. वाचायचं काम बहुतेक माझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडे, कारण तिला खलनायकाचा आवाज काढता यायचा. परीक्षा संपल्या, सगळ्या घरोघर गेलो, कादंबरीचे सहा-सात हप्ते राहिलेच. मैत्रीण त्याच गावची. तिने ते अंक जपून ठेवले, सुतळीने बांधले आणि एसटीच्या पार्सलने मला पाठवले.

मी ती सुतळी सोडलीच नाही. निवांत वाचू, म्हटलं. पुढे तुझ्यासारखंच वाटायला लागलं, की वाचले तर संपेल. गठ्ठा ट्रंकेत गेला आणि चौदा वर्षं ट्रंकेतच राहिला. घर बदलताना एकदाचा सोडला, पहिला अंक उघडला तर पात्रंच ओळखेनात. हा दिगंबर कोण, हा कुणाचा दीर, आणि ही बाई याच्यावर इतकी का चिडलेय, काही लागेना. जपून ठेवलेली गोष्ट ताजी राहत नाही गं. लोणच्यालासुद्धा मधूनमधून ढवळावं लागतं.

पण मला लागलं ते दुसरंच. अंकांच्या समासात पेन्सिलीने मैत्रिणीची टिपणं होती. 'इथे तू चिडणार.' 'सांगितलं होतं ना मी, हाच चोर!' आणि शेवटच्या हप्त्याखाली: 'तुला पटला का शेवट? मला नाही. लिही.' चौदा वर्षं तो प्रश्न माझ्या ट्रंकेत पडून होता. तिला वाटलं असेल, हिला आता आपल्याशी बोलायचं नाही. मी लगेच पत्र लिहिलं, ते पत्ता बदलल्याचा शेरा घेऊन परत आलं. पुढे कितीतरी वर्षांनी एका लग्नात ती भेटली. आम्ही गोड बोललो, मुलांची शिक्षणं विचारली. कादंबरीचा विषय कुणीच काढला नाही.

म्हणून सांगते, ते भाग बघ. आणि चौघी असतानाच बघा.

कसे बघायचे, यावर मात्र मी बंगळुरूवालीच्याही बाजूची नाही. सात भाग एका रात्रीत म्हणजे पावणेतीन तास. तिसऱ्या भागाला एक पेंगणार, पाचव्याला दुसरी फोनवर आईशी बोलणार, सातवा संपेल तेव्हा फक्त बॅगांची आठवण असेल. तिची घाई समजून घे. काही माणसांना निरोपाचं दुखणं लवकर उरकायचं असतं, दात काढल्यासारखं. तिचं प्रेम कमी आहे असा अर्थ काढू नकोस. वर्षभराने चौघी भेटू तेव्हा बघू, हाही एक पर्याय कुणीतरी सुचवेलच. ऐकायला सुंदर आहे. पण जर्मनीतून येणारीची सुट्टी, बंगळुरूवालीची रजा आणि तिसरीची पूर्व परीक्षा एकाच आठवड्यात जुळणं किती संभाव्य, ते तूच मांडून बघ.

दोन आठवडे आहेत, भाग सात आहेत. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या खोलीत, रात्री एक. मध्ये एखादा दिवस गाळला तरी चालेल. शेवटच्या दिवसांसाठी म्हणून काही वेगळं, भव्य करू नका. दिव्यांच्या माळा, केक, रील, काही नको. तुम्हाला जे हवंहवंसं वाटतं ते त्या नेहमीच्या २३ मिनिटांत आहे, तर ती नेहमीसारखीच होऊ देत. आणि शेवटचा भाग चौघींपैकी जी निघतेय तिच्या निघण्याच्या आदल्या रात्री ठेवू नका. तीन-चार दिवस आधी संपवा. मालिका संपल्यानंतरही तुम्ही त्याच खोलीत एकमेकींच्या गाद्यांवर बसून निरर्थक बडबड करता, हे एकदा स्वतःला बघू दे. तुझी खरी भीती तिथे आहे असं मला वाटतं: लॅपटॉप मिटला की आपल्याकडे बोलायला काही उरेल का?

काहींशी उरेल, काहींशी नाही. हे कडू आहे, पण आधीच माहीत असलेलं बरं. चौघींची मैत्री म्हणजे प्रत्यक्षात सहा जोड्या. एका खोलीत असताना सहाही सारख्या वाटतात. गावं बदलली की दोन-तीन जोड्या टिकतात, बाकीच्या ग्रुपवर वाढदिवसाला केकचं चित्र टाकण्यापुरत्या राहतात. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. लॅपटॉप नसतानाही तू कुणासोबत अनिकेत कँटीनला तासभर बसू शकायचीस, ते आठव. त्या माणसाला वेगळा फोन कर, ग्रुपवर नव्हे. चौघींचा दर शनिवारी व्हिडिओ कॉल वगैरे ठरवाल, जरूर ठरवा, पण तो गणपतीपर्यंत टिकला तर माझ्याकडून शाबासकी घ्या. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. इथे झोपायची वेळ ती तिथे तिच्या प्रयोगशाळेतून परतायची वेळ. दोघीच असाल तर ते जमतं, चौघींचं जमवताना भांडणं होतात. त्यापेक्षा आवाजी निरोप पाठवत जा. भाजी निवडता निवडता बोललेला, मागे कुकरची शिट्टी असलेला. ज्याला उत्तर दुसऱ्या दिवशी आलं तरी चालतं.

आणि एकमेकींना समासातले प्रश्न विचारत राहा. आले तर उत्तरं द्या. एवढंच मला तेव्हा जमलं नाही.

आता त्या फॉर्मचं. यावर मी जरा कठोर होणार आहे. तू लिहितेस, 'पदविका केली तर निदान एक वर्ष मिळेल.' कसलं वर्ष? पदविकेचं नाव तुझ्या पत्रात दोनदा आलंय आणि दोन्ही वेळा वेगवेगळं. एक साधी परीक्षा घे स्वतःची: हाच अभ्यासक्रम नांदेडला असता, वसतिगृह नसतं, रोज घरून एसटीने जावं लागलं असतं, तर तू हा फॉर्म भरला असतास का? उत्तर हो असेल तर आजच भर, मी आड येणार नाही. नाही असेल तर तू कॅम्पसचं भाडं फीच्या रूपाने भरायला निघाली आहेस. दुसऱ्यांदा प्रवेश घेणाऱ्याला वसतिगृह मिळेलच अशी खात्री नसते, मग तुझ्या आधीच्या कित्येकींसारखी कुणाच्या तरी खोलीत 'पॅरासाइट' होऊन राहशील, रेक्टर आल्या की पांघरूण ओढून झोपशील. ती मजाही मी ऐकून आहे. पण ज्या खोलीसाठी तू राहणार, ती खोली नसेल. कॉट तीच, तिच्यावर जून-जुलैत तुझ्यासारखीच कुणी पहिल्यांदा घर सोडून आलेली मुलगी बसलेली असेल आणि रात्री उशीत तोंड घालून रडत असेल. दोन वर्षांपूर्वी तू रडली होतीस, पत्रात लिहिलंयस. त्या आठवड्यात कॅम्पस तुला किती आवडला होता?

हे विचारायचं कारण, की आपल्याकडे कॉलेजचे दिवस म्हणजे सोन्याचे दिवस हे इतक्या वेळा सांगितलं जातं की बाहेर पडणाऱ्याला वाटतं, यापुढे सगळं पितळ. तुझी दोन वर्षं चांगली गेली याचा मला आनंद आहे. पण पहिल्या सत्रात ताप आला असताना एकटी खोलीत पडून होतीस, अंतर्गत परीक्षेत कमी गुण मिळाल्यावर दोन दिवस जेवली नव्हतीस, हेही त्याच दोन वर्षांत आहे. मालिकेत मूळ कथेशी संबंध नसलेले भरताडाचे भाग असतात ना, भाचा म्हणतो चाहते त्यांची यादी करून ते चक्क गाळतात. तुम्ही गाळले का? पत्रावरून तरी दिसतंय की नाही. शहामृगाचा पाठलाग करण्याच्या कुठल्याशा भागावर तुम्ही रात्रभर हसलात, असं तू दीड पानभर लिहिलंयस, आणि महायुद्धाबद्दल दोन ओळी.

थोडं कागदपत्रांचं, कारण ही सगळी मुलं मे-जूनमध्ये हळवी होतात आणि ऑक्टोबरमध्ये दाखल्यासाठी पुन्हा पुण्याच्या गाडीत बसतात. विभाग, ग्रंथालय, वसतिगृह यांची येणे बाकी नाही अशी पत्रं खोली सोडण्यापूर्वी हातात घे. ग्रंथालयाचं एखादं पुस्तक कुणाच्या तरी गादीखाली असतंच, चौघींच्या गाद्या उचला. वसतिगृहाची अनामत परत मागायला विसरू नकोस, आणि बँक खातं सुरू आहे ना ते बघ. शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठात जाणार असशील तर स्थलांतर प्रमाणपत्र. पदवी प्रमाणपत्रासाठी निकालानंतर वेगळा अर्ज करावा लागतो, तो आपोआप घरी येत नाही. जर्मनीवालीला गुणपत्रकांचं अधिकृत संकलन लागेल, तिला आजच आठवण कर. विद्यापीठाने दिलेला ईमेल असेल तर त्यातलं सगळं आपल्या खात्यावर उतरवून घे. तो पत्ता कधी बंद होईल याची वाट बघू नकोस. विद्यापीठाच्या जाळ्यातून फुकट वाचायला मिळणारे शोधनिबंध घरी गेल्यावर मिळणार नाहीत, हवे ते आताच उतरवून ठेव. तुला प्राध्यापक व्हायचंय ना? मग सेटचा, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास घरूनही होतो. ती परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी तुझंच विद्यापीठ घेतं, म्हणजे नातं काही इतक्यात संपत नाही.

घरी गेल्यावर पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातील. रात्री साडेनऊला हात आपोआप लॅपटॉप शोधेल. घरातले म्हणतील, पुण्याची हवा लागली. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांना तू परत आल्याचा आनंद झालाय आणि तुझं तोंड सुतकी, त्यांनी काय समजावं? धाकट्या भावाचा उल्लेख आहे पत्रात, बारावीचा. त्याला विचार, त्याने ही मालिका बहुतेक तुझ्या आधीच बघितलेली असेल. नसेल तर पहिला भाग लावून दे आणि गप्प बस. 'आता बघ हं, आता बघ' करू नकोस. गावात वाचनालय असेल. आपल्याकडे १९६७ च्या कायद्यापासून तालुक्या-तालुक्यात ती आहेत, बहुतेकदा संध्याकाळी उघडी असतात, आणि तिथे वर्तमानपत्र वाचणाऱ्या म्हाताऱ्यांत एखादी तुझ्या वयाचीही सापडते. झोप, भूक, बोलणं हे सगळंच महिना होऊनही परत आलं नाही, तर मात्र ही निव्वळ आठवण नव्हे. तेव्हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. हे मी तुझ्यासारखंच पत्र लिहायचं राहून गेलेल्या बाकीच्यांनाही सांगतेय.

एक राहिलं. पत्रात सगळं आहे, रात्रीच्या मॅगीचं पातेलं कुणाचं होतं हेही आहे, पण तो लॅपटॉप कुणाचा ते नाही. ज्या कुणाचा असेल तिच्याकडे आजच पेनड्राइव्ह घेऊन जा. दोन वर्षांचे चौघींचे फोटो, तुझ्या प्रकल्पाची आकडेमोड आणि त्या शहामृगाच्या रात्रीचं रेकॉर्डिंग त्यातच असणार. ती निघायच्या आधी घे.

तुझी,
ताई